कोटितीर्थाकाठचा चित्रकार

आबालाल रहिमान हे नाव माझ्या कानावर पडलं ते मुरबाडला, माझ्या आजोबांच्या तोंडून. आजोबा मूळचे कोल्हापूरचे. नोकरीमुळे मुरबाड-शहापूर भागात आले, शाळांमधून चित्रकला शिकवली आणि इथलेच होऊन गेले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना ते आसनगावच्या बाजूला नेऊन माहुली गडासमोर बसवत. कुणी वजीर सुळका थेट निळ्यात बुडवला की म्हणत, "डोंगर निळा कुणी सांगितला लेका? अजून ऊन उतरायचंय, बघ की जरा." मग पोरांचे हात चालू राहत आणि आजोबांची आबालालांची गोष्ट सुरू होई.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला, १८८८ साली व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस मुंबईत राहता तर श्रीमंतांची व्यक्तिचित्रं करून सुखात जगला असता. तो कोल्हापुरात परतला. शाहू महाराजांनी आश्रय दिला. राहायला त्याने कोटितीर्थ तळ्याचा काठ धरला. रंकाळा, पंचगंगा आणि दारातलं कोटितीर्थ, तेच पाणी तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, कारण सकाळचं पाणी दुपारी तेच राहत नाही. विकतचे रंग परवडत नसत तेव्हा गेरू, हळद असं हाताला लागेल त्यातून तो रंग करी, असं आजोबा सांगत. बाबुराव पेंटरांसारख्या कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांनी त्याला मानलं, हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा.

६ मे १९२२ ला महाराज गेले आणि आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थात सोडली, ही गोष्टीतली सर्वांत मोठी जागा. आकडा दर वेळी वाढे. आजोबांच्या एका कोल्हापूरकर मित्राला ते पटत नसे. गेली असतील काही गाठोडी, बाकी घराघरांतून फुकट गेली, असं ते ठामपणे म्हणत. दोघे त्यावरून तावातावाने भांडत.

मला त्या मित्राचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं. पाण्यात सोडलेल्या चित्रांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे; वाचलेली चित्रं कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत, ती किती जण थांबून पाहतात? मी पाहिली. छोटेखानी कागद, आणि त्यावर काठाच्या झाडांची सावली पाण्यात शिरते तिथे रेषच नाही. ओल्या रंगाने ओला रंग आत घेतलाय. इतक्या हळुवार हाताचा माणूस आपण एका विसर्जनापुरता लक्षात ठेवावा, हे मला सहन होत नाही.

१९३१ साली आबालाल गेले. त्यांच्या घराचं, चित्रशाळेचं स्मारक हवं, असं मनापासून वाटतं. पण निसर्गचित्रकाराची चित्रशाळा चार भिंतींत कधी मावली? ती रंकाळ्याच्या, कोटितीर्थाच्या काठावर होती. रंकाळ्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध, जलपर्णीविरुद्ध कोल्हापूरकर वर्षानुवर्षं भांडत आलेत. तो लढा मला आबालालांच्या स्मारकाचाच भाग वाटतो. काठावर जिथून चित्र काढलं तिथेच त्याची मोठी प्रत लावावी, म्हणजे येणाऱ्याला चित्र आणि पाणी एकदम दिसेल, आणि पाणी घाण असेल तर तेही दिसेल.

चित्र आणि जागा अशी शेजारी ठेवून पाहणं आमच्या शहापूर-मुरबाडकडेही लागू आहे. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरची वाट बघतात. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला. आजोबांनी पोरांना बसवलेल्या जागांवरून माहुली आता कशी दिसते, हे कुणीतरी कागदावर उतरवून ठेवायला हवं. शाळांनी ग्रेड परीक्षेची पोरं पुन्हा बाहेर काढावीत, जुन्या विद्यार्थ्यांच्या घरच्या वह्या गोळा कराव्यात आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावावीत. मुरबाडच्या आमच्या घरातल्या वह्या मी द्यायला तयार आहे.