पत्र्यावरचे तीन आकडे

मिलानजवळच्या त्या दालनात विक्रेता दार उघडून धरतो आणि दोन पावलं मागे सरतो. तुम्ही वाकून आत शिरता. सीट इतकी खाली आहे की हात बाहेर सोडला तर बोटं फरशीला टेकतील. अल्फा रोमिओ जुलिएत्ता स्पायडर, १९५६. पुढच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय: इंजिन १२९० सीसी, चार गिअर, लाल रंग. आणि खाली ठळक अक्षरांत, ‘कारखान्यातून आली तश्शी’.

बसल्या जागेवरून दारावर हात फिरवा. आरसाच. कुठे म्हणून बोट अडत नाही.

किल्ली फिरवा. आधी स्टार्टरचा घरघराट, मग चारही सिलिंडर जागे होतात. डोक्यावरचे दोन कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी बारीक आवाजात बोलू लागते. दालनातले दिवे मंदावतात. पेट्रोलच्या वासात दुसरा एक वास मिसळतो, वितळलेल्या शिशाचा.

तुम्ही १९५६च्या तोरिनोत आहात, कोर्सो त्रापानीवरच्या कारखान्यात. फाटकावरचं नाव अजून दोन शब्दांचं आहे, पिनिन फरिना. पिनिन म्हणजे धाकटा. मालकाचं हे घरगुती लाडनाव आडनावाला जोडलं जाऊन एकच शब्द व्हायला १९६१ उजाडेल, आणि २०१५च्या अखेरीस ही कंपनी विकत घेण्याचा सौदा मुंबईचे महिंद्र जाहीर करतील. आत्ता मात्र इथे फक्त हातोड्यांचा आवाज आहे. ही उघडी जुलिएत्ता हवी असा धोशा लावला होता न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन याने. नमुने बेर्तोने आणि फरिना या दोघांनी केले. बेर्तोनेसाठी स्कालिओने या डिझायनरने काढलेला नमुना टोकदार नाकाचा, भुईतून उसळल्यासारखा होता. फरिनांचा शांत होता, आणि तोच निवडला गेला. मला विचाराल तर निवड बरोबर झाली. या गाडीच्या अंगावर एकही रेघ उगाच नाही.

पुढे व्हा. निळ्या डगल्यातला एक कारागीर मडगार्ड आणि पुढचा भाग जिथे जुळतो तिथे थांबला आहे. सांधा जुळत नाही. तो हातोडीने दोन हलके ठोके देतो, ज्योत फिरवतो, शिसं मऊ होतं आणि लाकडी पट्टीने तो ते लोण्यासारखं पसरवतो. मग कानस. मग डोळे दुसरीकडे ठेवून नुसता तळहात. तळहाताला काही खुपतं, पुन्हा कानस. तुम्हीही हात लावून पाहा. अगदी पुसट लहर लागते. शेजारच्या गाडीवर लहर आहे, पण दुसऱ्या जागी. बॉनेट एका गाडीचं दुसरीला चपखल बसेल याची खात्री नाही, म्हणून तो ठशांनी सुट्या भागांवर त्या त्या गाडीचा आकडा ठोकतो. ठक, ठक, ठक. मधला ठसा जरा तिरका उठतो. तो पाहतो आणि तसाच ठेवतो.

सांगाडे ट्रकवर चढतात. इंजिन बसणार मिलानला, अल्फाच्या पोर्तेल्लो कारखान्यात. तुम्ही ट्रकच्या मागच्या फळीवर बसा. महिना मे आहे. वेर्चेल्ली आणि नोवारा यांच्या आसपास दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्याने भरलेली, आणि त्यांत गुडघाभर पाण्यात ओणवलेल्या बायकांच्या रांगा, डोक्यावर गवताच्या रुंद टोप्या. कोकणातून आलेल्या माणसाला इथे कुणी काही समजावून सांगायला नको. ट्रकवरच्या लाल पत्र्यात ते पाणी, त्या वाकलेल्या पाठी सरकत जातात. तुम्ही नीट पाहिलंत तर एका जागी प्रतिबिंब जरासं मोडतं. तीच ती लहर.

पोर्तेल्लोत काय झालं ते फार पाहायची गरज नाही. ॲल्युमिनियमचं इंजिन आत उतरतं, सुमारे ६५ अश्वशक्तीचं, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते.

साखळीचा आवाज थांबतो. पुन्हा दालन, पुन्हा आरसा.

मधल्या काळात या गाड्यांचे तळ आणि उंबरे गंजाने खाल्ले. कुणीतरी महिनोन्महिने खपून ते नव्याने घातले नसते, तर तुम्ही आज जमिनीवरच बसला असता. त्या माणसाला मी मनापासून मानतो. पण कारखान्यातून ती अशी आली नव्हती. हातांनी केलेली गोष्ट हातांसारखी दिसत होती, आणि रंगाच्या जाड थरांखाली ती पुसली गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

बॉनेट उघडायला सांगा. विक्रेता इंजिनाकडे बोट दाखवेल, तिकडे नंतर. आधी पत्र्याच्या आतल्या बाजूला, कडेच्या घडीपाशी बोट न्या. रंग इथे पातळ आहे. एक आकडा लागतो. मग दुसरा, जरा तिरका.

मग तिसरा.