पोलिसांपुढचा कबुलीजबाब

खुनाच्या खटल्यात तपासी अंमलदार साक्षीला उभा राहतो. “आरोपीने मला सांगितलं की, मीच...” एवढं त्याच्या तोंडून निघालं की बचावाचा वकील हरकत घेतो, आणि न्यायाधीश ते वाक्य पुराव्यात येऊ देत नाहीत. कबुली खरी असो वा खोटी, ती पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली असेल तर आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. इंग्लंडच्या कायद्यात इतका सरसकट नियम नव्हता. तिथे कबुली स्वेच्छेने दिली होती का, एवढंच पाहत. आपला नियम इथलाच, आणि त्याच्या मुळाशी रयतेची सोललेली पाठ आहे.

मद्रास इलाख्यात सारा वसूल करण्यासाठी शेतकऱ्यांचा छळ होतो, हा विषय 1854 साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निघाला. चौकशीसाठी तीन जणांचा आयोग नेमला गेला आणि 1855 मध्ये त्याचा अहवाल आला. आयोगापुढे गाऱ्हाणी मांडायला माणसं लांबलांबून पायी आली होती. वाकवून मान पायाशी बांधणं, उन्हात उभं करणं, ‘किट्टी’ नावाच्या लाकडी चापात बोटं चिरडणं, असं एकेक त्यांनी सांगितलं. अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की सारा वसूल करणारे आणि गुन्ह्याचा तपास करणारे हात एकच होते. थकबाकी काढायला जो चाप वापरायचा, तोच चोरीची कबुली काढायलाही वापरायचा.

1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत यावर तीन कलमं आली. पोलिसांपुढची कबुली बाद. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणापुढे दिलेली कबुलीही बाद, मात्र मॅजिस्ट्रेट हजर असेल तर चालेल. तिसरं कलम अपवादाचं, त्याकडे पुढे येतो. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी 1872 चा पुरावा कायदा रचला, तेव्हा हीच कलमं 25, 26 आणि 27 या क्रमांकांनी त्यात आली.

नियम झाला तशा पळवाटाही निघाल्या. कलकत्त्याचे पोलिस उपायुक्त मॅजिस्ट्रेटही होते. एका प्रकरणात त्यांनी मॅजिस्ट्रेट या नात्याने कबुली नोंदवली. 1876 साली कलकत्ता उच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश रिचर्ड गार्थ यांनी ती फेटाळली. आरोपीला भीती वाटते ती समोरच्या माणसाच्या पोलिसी सत्तेची. त्याच माणसाकडे आणखी एक पद आहे म्हणून ती भीती जात नाही, हा त्या निकालाचा गाभा.

मग प्रश्न आला खाकी न घालणाऱ्या तपास अधिकाऱ्यांचा. 1920 च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलं की आबकारी अधिकाऱ्याला ठाणे अंमलदाराचे तपासाचे अधिकार दिले असतील, तर या नियमापुरता तो पोलिसच. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1961 मध्ये कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना पोलिस मानायला नकार दिला. अमली पदार्थांच्या खटल्यांत अधिकाऱ्यांनी घेतलेल्या जबाबांवर वर्षानुवर्षं शिक्षा होत राहिल्या. अखेर 29 ऑक्टोबर 2020 रोजी तूफान सिंग खटल्यात दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तपासाचे अधिकार मिळालेले अधिकारी पोलिसच, आणि त्यांच्यापुढची कबुली बाद. तोवर त्या जबाबांवर ज्यांनी तुरुंगात वर्षं काढली, त्यांना ती परत मिळणार नव्हती.

आता तो अपवाद. आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढी माहिती पुराव्यात येते. याचं मूळ 1783 च्या एका इंग्लिश खटल्यात आहे. आमिष दाखवून मिळवलेली कबुली तिथे बाद झाली, पण आरोपी बाईच्या बिछान्यात सापडलेला चोरीचा माल ग्राह्य धरला गेला. आपल्याकडे या अपवादाची हद्द आखली ती प्रिव्ही कौन्सिलने, गुंटूर जिल्ह्यातल्या एका खुनाच्या खटल्यात. निकाल लिहिणारे सर जॉन बोमंट आधी मुंबईचे सरन्यायाधीश होते. त्यांनी सुरीचं उदाहरण घेतलं. ‘सुरी मी घराच्या छपरात लपवली आहे, काढून देतो’ हे चालेल. ‘त्याच सुरीने मी त्याला भोसकलं’ हे मात्र चालणार नाही, कारण छपरात ते सापडलेलं नाही. आरोपीची अशी माहिती पंचांसमोर नोंदवणाऱ्या मेमोरंडम पंचनाम्यावर आजही खटल्यांमध्ये खल होतो तो याच रेषेवरून. पंच फितूर झाला किंवा पोलिसांचा नेहमीचाच निघाला, तर ती रेषाही धूसर होते.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्यात तिन्ही कलमं एका 23 व्या कलमात आली आणि जुनं 27 वं कलम त्याचं परंतुक झालं. नियम टिकला, याचं मला मोठं समाधान आहे.

महाराष्ट्रात मात्र त्याला मोठं भगदाड आहे. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने 1987 मध्ये पोलिस अधीक्षकापुढची कबुली ग्राह्य ठरवली आणि 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. टाडा गेला, पण संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1999 च्या मोक्का कायद्याच्या कलम 18 मध्ये तीच तरतूद आली. वरिष्ठ हुद्द्यावर विश्वास ठेवणारी ही तरतूद मला पटत नाही. मद्रासच्या आयोगाने हुद्दा नव्हे, वसुली आणि तपास एकाच हाती असण्यातला धोका दाखवला होता. मुंबईच्या लोकलमध्ये 11 जुलै 2006 रोजी झालेल्या स्फोटांत 180 हून अधिक माणसं मेली. त्या खटल्यात असे कबुलीजबाब होते. विशेष न्यायालयाने 2015 मध्ये 12 जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं आणि ते जबाब अविश्वसनीय ठरवले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावं लागणार नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही.