सरहद्दीवरचे सोलापूर आणि इस्लामी संस्कृतीच्या खुणा

इस्लामी संस्कृतीची व्यवच्छेदक लक्षणे कोणती, या प्रश्नाचे उत्तर बहुधा बगदाद, कॉर्डोबा, इस्तंबूल किंवा जवळचे म्हणून विजापूर अशा राजधान्यांमध्ये शोधले जाते, आणि मग घुमट, कमानी, मिनार व दरबारी काव्य यांची ठरावीक यादी हाती येते. राजधानीत सत्ता स्वतःला हवे तसे मांडते. सरहद्दीवरच्या ठाण्यात मात्र तिच्या संस्कृतीतले काय टिकाऊ होते आणि काय राजाबरोबर आले व राजाबरोबरच गेले, हे अधिक स्पष्ट दिसते. सोलापूर हे अशा ठाण्याचे उत्तम उदाहरण आहे. सोलापूरची वाटांवरची जागा जुनीच आहे. दक्षिणेला विजापूर सुमारे 100 किलोमीटरवर, त्याहून थोडे लांब पूर्वेच्या अंगाला गुलबर्गा, नळदुर्गावरून पुढे गेल्यावर बीदर आणि वायव्येला परांड्यावरून अहमदनगर, असा हा भूगोल आहे. बहमनी राज्याचे तुकडे पडल्यावर या वाटांच्या टोकांना निरनिराळे दरबार उभे राहिले आणि मधले सोलापूर प्रत्येकाला आपल्या मुलखात हवेसे झाले.

त्या हव्यासाची कथा एका लग्नापासून सुरू होते. 1524 च्या सुमारास विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची सोलापुरात भेट झाली, आदिलशहाची बहीण मरियम निजामशहाला देण्याचे ठरले आणि सोलापूरचा किल्ला त्याच्या परगण्यांसह आंदण म्हणून कबूल झाला, असे फिरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथावरून समजते. लग्न लागले, किल्ला मात्र मिळाला नाही, आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे दोन्ही घराणी या कारणावरून लढत राहिली. अखेर हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली गेली, तेव्हा सोलापूर पुन्हा आंदणातच आले आणि विजापूरचा हक्क पक्का झाला. त्या सोयरिकीतून जुळलेली एकी 1565 च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध कामी आली. इस्लामी कायद्याप्रमाणे विवाहातले देणे म्हणजे मेहेर, आणि तो नवऱ्याने वधूला द्यायचा असतो. वधूपक्षाने किल्ला आंदण देण्याची चाल शरियतेतली नसून ती राजकारणाची आणि स्थानिक रिवाजाची आहे. ज्यांना या सुलतानांच्या प्रत्येक कृतीत धर्मग्रंथच दिसतो, त्यांनी हे चाळीस वर्षांचे भांडण एकदा नीट पाहावे. दोन्ही बाजू मुसलमान होत्या आणि दोन्ही फौजांत मराठे सरदार होते.

किल्ल्याकडे पाहिले तर दुसरे लक्षण दिसते, ते म्हणजे कसबाची आणि कसबी माणसांची लांबवरची ये-जा. सोलापूरचा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला, बहमनी काळात उभा राहिला. दुहेरी तटबंदी, बाहेर खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव अशी त्याची रचना आहे. आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष आहेत आणि तिथल्या मशिदीत मंदिराच्या घडणीचे खांब आहेत, हेही त्याच इतिहासाचा भाग म्हणून नोंदवावे लागते. तोफांचा काळ आला तसे दख्खनमधल्या किल्ल्यांचे बुरूज व तट बदलत गेले, आणि या विद्येचे जाणकार समुद्रापलीकडून आले. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली ती मुहम्मद बिन हुसेन रूमी याने. ‘रूमी’ म्हणजे तुर्की साम्राज्यातला. ही तोफ काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मध्ये मुरार जगदेव या आदिलशाही कारभाऱ्याने ती विजापूरला नेली. तुर्काने ओतलेली, निजामशाहीची तोफ एका मराठी ब्राह्मण कारभाऱ्याने भीमेपार ओढत न्यावी, या एका प्रवासात दख्खनच्या सुलतानशाह्यांचा स्वभाव दिसून येतो. नळदुर्गात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात महाल बसवणारे आदिलशाही स्थापत्य याच मुलखातले असून, पावसाळ्यात बांधावरून पडणारे नर-मादी धबधबे पाहायला आजही सोलापूरकर गर्दी करतात.

माणसांच्या या ये-जेला एक काळी बाजू होती. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान व बगदाद इथल्या बाजारांतून फिरत निजामशाही वजिराकडे आला आणि शेवटी त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला. 1624 च्या भातवडीच्या लढाईनंतर त्याने विजापूरच्या मुलखावर चाल करून सोलापूरचा किल्लाही घेतला. गुलामाला राज्याच्या शिखरापर्यंत जाता येणे हे इस्लामी राज्यव्यवस्थेचे वैशिष्ट्य म्हणून पुष्कळदा गौरवाने सांगितले जाते. परंतु एक अंबर वजीर होण्यासाठी किती मुले बाजारात उभी केली गेली, हा प्रश्न त्या गौरवात दडून जातो.

तोफा आणि वजीर गेले, पण कागद राहिला, आणि या संस्कृतीचे सर्वांत टिकाऊ लक्षण कागदावरचा कारभार हेच म्हणावे लागते. कागद करण्याची कला आठव्या शतकात समरकंदवरून इस्लामी जगात पसरली. दख्खनमध्ये दौलताबादजवळचा कागजीपुरा हे तिचे नावाजलेले केंद्र झाले. भूर्जपत्रे आणि ताम्रपट यांच्या तुलनेत कागद स्वस्त व हाताळायला सोपा असल्यामुळे सनद, पावती, हिशेब आणि निवाडा या साऱ्यांच्या नकला ठेवण्याची सवय गावपातळीपर्यंत गेली. आदिलशाहीत पहिल्या इब्राहिमने (1534-58) हिशेबाची दप्तरे फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा ती ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेली. या काळातला ‘महजर’ म्हणजे भरल्या सभेत झालेल्या निवाड्याचा लेख. अशा लेखांत वर फारसी मजकूर व काझीचा शिक्का, खाली न तुटणाऱ्या मोडी ओळी आणि शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या अशी मांडणी अनेकदा आढळते. ज्याला अक्षर येत नसे तो पाटील नांगर काढी आणि व्यापारी तराजू काढी. काझी हा शरियतेचा न्यायाधीश, देशमुख व देशपांडे हे वतनदार, आणि निवाडा मात्र सर्वांच्या संमतीचा. वतनाच्या तंट्यात गावची रूढी काझीच्या शिक्क्याखाली कायदा होत असे.

याच कागदांवरची तारीख अधिक जवळून पाहण्यासारखी आहे. हिजरी सन चांद्र आहे, त्याचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, आणि सारा तर पिकावर घ्यायचा असतो. ही अडचण सोडवण्यासाठी चौदाव्या शतकात ‘शुहूर सन’ रूढ झाला. त्याचा आकडा हिजरीचा घेतला, पण वर्ष सूर्याला बांधले, आणि त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात शिरण्याच्या दिवशी, म्हणजे पेरणीच्या तोंडावर ठेवला. म्हणून शेतकरी त्याला मृगसाल म्हणत. शुहूर वर्षात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतो. हे वर्ष आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहीत, तेही एकम आधी आणि हजार शेवटी या क्रमाने. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात 1172, म्हणजे इसवी सन 1771-72. हा काळ थोरल्या माधवराव पेशव्यांचा आहे. आदिलशाही बुडून 85 वर्षे झाली होती, पुण्याच्या दप्तरातल्या कारकुनाचा अरबी भाषेशी काहीही संबंध नव्हता, तरी तो रोजचा कागद अरबी संख्यांनीच सुरू करत होता. राज्य उलथवणे जितके सोपे, तितके दप्तर उलथवणे सोपे नसते.

मशिदी, दर्गे व मठ यांना दिलेल्या जमिनींचेही असेच झाले. ‘वक्फ’ म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची बांधून दिलेली मालमत्ता. ती विकता येत नाही आणि वारसांत वाटली जात नाही. दख्खनमध्ये या कल्पनेशेजारी देवस्थानाच्या इनामाची जुनी चाल होती, आणि सुलतानांनी काही हिंदू देवस्थानांची इनामे चालू ठेवली, तर मराठ्यांनी दर्ग्यांची चालू ठेवली. सोलापूर 1668 मध्ये मोगलांकडे, पुढे हैदराबादच्या निजामाकडे, मग मराठ्यांकडे आणि मे 1818 मध्ये इंग्रजांकडे गेले, तेव्हा प्रत्येक नव्या धन्याला आधी जुन्या सनदा तपासाव्या लागल्या. नुसत्या हुकुमाने दिलेले नाव मात्र असे टिकले नाही: औरंगजेबाने 1695 ते 1699 या काळात मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरीला छावणी केली व त्या गावाला इस्लामपुरी हे नाव दिले. छावणी उठली, नाव विरले आणि ब्रह्मपुरी ब्रह्मपुरीच राहिली.

लोकजीवनात ही संस्कृती सर्वांत ठळक दिसते ती मोहरमात. हजरत इमाम हुसेन यांच्या 680 मधील करबलाच्या हौतात्म्याचे हे स्मरण मुख्यतः शिया पंथाने वाढवले. विजापूरच्या दरबाराचा पंथ राजागणिक बदलला: यूसुफने शिया पंथ स्वीकारला, पहिल्या इब्राहिमने सुन्नी केला, अलीने पुन्हा शिया आणला आणि दुसऱ्या इब्राहिमच्या काळात तो पुन्हा फिरला. पेठांतल्या माणसांनी या उलथापालथीची फारशी दखल घेतलेली दिसत नाही. सोलापुरात पीरांचे पंजे बसतात, सवाऱ्या निघतात, सरबत वाटले जाते, चोंगे या गोड पोळ्या केल्या जातात, आणि पंजे बसवणाऱ्यांत व नवस फेडणाऱ्यांत हिंदू घरेही असतात. सारावसुलीसाठी सूर्याला जोडून घेतलेला सन सरकारी कागदांपुरता राहिला; मोहरमाने मात्र चंद्र सोडला नाही, आणि म्हणून तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत कधी ऐन पेरणीत, कधी सुगीत, तर कधी चैत्राच्या उन्हात येतो.