तळघरांतील ऑक्टोबर

इंग्लंडमधील जुन्या जमीनदार घराण्यांत एक चाल होती. वाड्यांत वारस जन्मास आला, म्हणजे त्याच्या नांवानें जोरकस बिअर तयार करीत, ती ओकच्या लांकडी पिंपांत भरीत, आणि पिंपाचें तोंड बंद करून तें तळघरांत ठेवून देत. मुलगा एकवीस वर्षांचा होऊन कायद्यानें सज्ञान झाला, कीं मगच त्या पिंपास तोटी लागे व आप्तेष्ट, कुळें, नोकरचाकर यांना त्यांतील पेला मिळे. ज्या हातांनीं ती बिअर केली, त्यांपैकीं कांहीं हात तोंवर मातीआड गेलेले असत. एका पिढीनें करावें आणि दुसरीनें चाखावें, असा हा व्यवहार! द्राक्षाच्या मद्याविषयीं असें ऐकून कोणास नवल वाटणार नाहीं. परंतु बिअर ही तर लवकर बिघडणारी वस्तु, अशी सर्वसाधारण समजूत. मग ती एकवीस वर्षें टिकली कशी? या प्रश्नाच्या उत्तरांतच घरगुती तळघराचा इतिहास सांठविलेला आहे.

मध्ययुगांत इंग्लंडमध्यें घरोघर होणारें 'एल' हें पेय मोड आणून वाळविलेल्या जवापासून बनत असे. स्वयंपाकाप्रमाणें तेंहि बहुधा स्त्रियांचेंच काम. आणि तें थोडक्या दिवसांत आंबत असल्यामुळें वरचेवर करावें लागे. पंधराव्या शतकांत समुद्रापलीकडून, फ्लँडर्स व हॉलंडच्या बाजूनें, हॉप घातलेली बिअर तेथें आली. हॉपच्या वेलीच्या फुलांतील कडू राळ पेय आंबविणाऱ्या पुष्कळ जंतूंची वाढ रोखून धरते. त्या कडवटपणानें बिअरला आयुष्य दिलें. जर्व्हेस मार्कम यानें १६१५ सालीं गृहिणींकरितां लिहिलेल्या 'द इंग्लिश हाउसवाइफ' या पुस्तकांत मार्च महिन्यांतील बिअर वर्षभर मुरूं द्यावी, थंड जागीं नीट बंद ठेवल्यास ती दोन, तीन, चार वर्षेंहि राहते, असें सांगितलें आहे. लोणच्याच्या बरणीवर जशी घरच्या बाईची नजर, तशीच त्या पिंपांवर तेथील गृहिणीची असे.

मार्च आणि ऑक्टोबर हे दोन महिने उगीच निवडलेले नव्हते. उन्हाळ्यांत किण्वाची क्रिया अनावर होई व नको ते जंतु शिरत. म्हणून टिकाऊ बिअर उन्हाळ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे करीत. त्यांतहि ऑक्टोबरांत नवें धान्य व नवा हॉप हातीं असे, आणि पुढें सारा हिवाळा मिळे. या बिअरला अठराव्या शतकांत नुसतें 'ऑक्टोबर' असेंच म्हणूं लागले. नोकरांच्या रोजच्या पिण्याची हलकी बिअर निराळी. तळघराचा मान मिळे तो या ऑक्टोबरला. डर्बीशायरमधील कॅल्क ॲबी या वाड्यांत मद्यशाळेपासून तळघरापर्यंत भुयारच खणलेलें आहे. जमिनीखालीं उष्णमान वर्षभर जवळजवळ सारखें राहतें, प्रकाश पोंचत नाहीं, आणि घडवंचीवर निश्चल पडलेल्या पिंपांत गाळ खालीं बसतो. थंडावा, अंधार आणि स्वस्थता ही तळघराची त्रिसूत्री होय.

बाटलीचा शोध मात्र एका विसरभोळेपणास जोडला जातो. टॉमस फुलर यानें १६६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत लंडनच्या सेंट पॉल देवळाचे डीन अलेक्झांडर नॉवेल यांची गोष्ट दिली आहे. मासे धरावयास गेले असतां एलची बाटली ते गवतांत विसरले. कांहीं दिवसांनीं ती सांपडली व उघडली, तों बंदुकीसारखा बार झाला! बंद बाटलींत किण्वाचें काम चालूंच राहतें आणि त्यांतून निघणारा वायु तेथेंच कोंडला जातो, हें यांतलें मर्म. गोष्ट खरी असो वा रचलेली, बाटलीमुळें पिंपांतला सांठा लहानशा कपाटांत मावूं लागला.

हीच ऑक्टोबर बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांत आली. लंडनजवळील बो येथील हॉजसन याचीं पिंपें ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेस वळसा घालून मुंबई-कलकत्त्यास येत. प्रवास चार ते सहा महिन्यांचा, आणि विषुववृत्त दोनदां ओलांडावयाचें. तळघरांत सावकाश होणारें मुरणें जहाजाच्या उष्ण पोटांत झपाट्यानें होई. येथें उतरल्यावर मात्र तसें थंड तळघर कोठून आणावें? साहेबांच्या घरचा आबदार सोऱ्याच्या पाण्यांत बाटल्या गार करी. पुढें १८३४ सालीं अमेरिकेहून जहाजानें आलेला बर्फ मुंबईस उतरला.

तळघरांत नेमकें काय घडतें, हें शास्त्रास उशिरां कळलें. लुई पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालचा. पुढें १९०४ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील क्लॉसेन यानें इंग्रजी मुरलेल्या बिअरमधून एक मंदगति किण्व वेगळें काढलें आणि त्यास 'ब्रेटॅनोमायसिस', म्हणजे ब्रिटिश बुरशी, असें नांव दिलें. लांकडाच्या छिद्रांत दडून बसणारा हा जीव इतर किण्वास न पचणारी साखरहि हळूहळू खातो. जुन्या बिअरचा तो विशिष्ट स्वाद त्याचाच.

परंतु शास्त्राला हें उमगलें, तोंवर घरगुती तळघरें ओस पडूं लागलीं होतीं. घरच्या बिअरवर कर नसे आणि विकाऊ बिअरवर असे, हा मोठाच फायदा होता. १८३० सालीं विकाऊ बिअरवरील कर उठला व तो फायदा संपला. १८८० पासून घरीं बिअर करावयास परवाना लागूं लागला. त्याच सुमारास कार्ल फॉन लिंडे याच्या शीतयंत्रानें ऋतूंचें बंधन तोडलें. बारमाही ताजी बिअर दाराशीं मिळूं लागल्यावर एकवीस वर्षें वाट कोण पाहणार?

तरीहि ही वृत्ति मेली नाहीं. १९६३ सालीं तो परवाना रद्द झाला. १९६८ सालीं टॉमस हार्डी या कादंबरीकाराच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षानिमित्त डॉर्चेस्टर येथें मुद्दाम पंचवीस वर्षें टिकेल अशी बिअर काढण्यांत आली, आणि हौशी लोक पुन्हां बाटल्या सांठवूं लागले. त्यांचे नियम जुनेच आहेत: जागा अंधारी व बारा-तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास असावी, बाटली उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशीं बसतो, आणि तीवर तारीख लिहावी. सगळीच बिअर मुरत नाहीं. हॉपच्या ताज्या सुगंधाची फिकी बिअर लवकर संपवावी. जोरकस, काळसर किंवा मुळांतच आंबट असलेलीच थांबूं शकते.

२००६ सालीं बर्टन येथील एका जुन्या तळघरांत बास कंपनीच्या १८६९ सालच्या बाटल्या सांपडल्या. रॅटक्लिफ घराण्यांतील पुत्रजन्माच्या आनंदार्थ ती बिअर केली होती. चाखणारांना ती अजून पिण्याजोगी वाटली. ज्याच्यासाठीं ती केली, तो बालक मोठा होऊन केव्हांच काळाच्या पडद्याआड गेला होता; तळघरानें मात्र आपला शब्द पाळला होता.