सोपाऱ्याची शिळा

व्यक्तीनें समाजाचे नियम कोठवर पाळावे, हा वाद आपल्याकडे आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढिल्यापासूनचा, अशी पुष्कळांची समजूत आहे. विरारच्या परिसरांत मात्र त्याचा धागा सुमारें बावीसशें वर्षें मागें जातो.

विरारजवळचें सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं १८८२ सालीं तेथील स्तूप उकरिला. त्याच सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा हातीं आला. नवव्याचा तुकडा १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं सांपडला. दोन्ही खंडित आहेत; परंतु गिरनार, कालसी इत्यादि ठिकाणच्या प्रतींवरून अर्थ पुरता लागतो.

आठव्या लेखांत राजा स्वतःविषयीं बोलतो. पूर्वींचे राजे मृगयेसाठीं व करमणुकीसाठीं यात्रा काढीत. आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षीं संबोधीस गेलों आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली, असें तो सांगतो. राजकुळाची चाल त्यानें मोडिली. सिंहासनावर बसलेल्यास हें फारसें जड जात नाहीं.

नववा लेख प्रजेविषयीं आहे. आजार, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगीं लोक नाना मंगलविधि करितात. स्त्रिया तर पुष्कळच क्षुल्लक व निरर्थक विधि करितात, असें राजा म्हणतो. आजही जीवदानीचा डोंगर चढणाऱ्यांचे नवस बहुधा ह्याच कारणांचे असतात. राजाचा हा ठपका वाचतांना मनांत येतें, हे विधि न करणाऱ्या सुनेस घरांत कोणी सुखानें नांदूं दिलें असतें काय?

येथें वाचकास वाटतें कीं, आतां निषेध येणार. पहिल्या लेखांत अशोकानें यज्ञांतील पशुवधास मनाई केलीच होती. परंतु येथें तो तसें करीत नाहीं. विधि अवश्य करावे, मात्र त्यांचें फळ अल्प, एवढेंच तो म्हणतो. थोर फळ देणारें मंगल त्याच्या मतें निराळें: दास व चाकर ह्यांच्याशीं नीट वागणें, वडीलधाऱ्यांचा मान राखणें, प्राण्यांविषयीं संयम, श्रमणब्राह्मणांस दान. रूढि पाळणाऱ्यास त्यानें दंड ठेविला नाहीं. तिच्याविषयीं उघड बोलण्याची वाट मात्र मोकळी केली. दंडशक्ति हातीं असलेल्या राजाचा हा आवर मला त्याच्या धर्मयात्रेहून मोठा वाटतो.

आणि हें बोलावें कोणी? राजानें नेमिलेल्या धर्ममहामात्रांचें नांव येथें येत नाहीं. पित्यानें, पुत्रानें, भावानें, धन्यानें, मित्रानें, फार काय शेजाऱ्यानेंसुद्धां सांगावें, असें कालसीच्या प्रतींत आहे. पुत्रास बोलण्याचा हा अधिकार आपल्या कित्येक घरांत अलीकडच्या काळापर्यंत नव्हता. पण ती यादी मीं पुनःपुन्हां वाचून पाहिली. जिच्या विधींना राजानें निरर्थक म्हटलें, ती आई, पत्नी किंवा बहीण त्या यादींत कोठेंच नाहीं. आणि ज्याच्याशीं नीट वागावयाचें, तो दासही नाहीं.