वाद्यावरील नक्षी आणि टंचाईचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते आम्हांस सुतारकाम शिकवीत. काम आटोपले की जमिनीवर पडलेले लाकडाचे तुकडे ते केरात जाऊ देत नसत. निवडून पत्र्याच्या डब्यात भरावयास लावीत. त्या वयात आम्हांला तो चिकटपणा वाटे. पुढे जुन्या तंतुवाद्यांच्या घडणीविषयी वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की गिटारसारख्या जगप्रसिद्ध वाद्याची बरीचशी शोभा अशा डब्यांतूनच जन्मास आली आहे. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे. संगीताच्या इतिहासाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. वाद्याची किनार, त्याच्या तोंडाभोवतीचे वलय आणि पाठीवरील एखादी पट्टी एवढ्याच क्षेत्रात मी फिरणार आहे. कलाभवनासारखी संस्था १८९० साली ज्या वडोदऱ्यात स्थापन झाली, तेथे हा विषय क्षुद्र मानला जाणार नाही असा भरवसा आहे.

अलंकरण हे समृद्धीचे लक्षण, असे आपण सहज समजतो. युरोपातील सतराव्या शतकातील गिटारी पाहिल्या तर हे खरेही वाटते. व्हेनिसमधील सेलास घराण्याच्या वाद्यांवर आबनूस आणि हस्तिदंत यांच्या पट्ट्या आलटून पालटून बसविलेल्या असत. पॅरिसच्या व्होबोआम घराण्याने कासवाच्या कवचाचे पत्रे चढवून वाद्ये सजविली. तबलीच्या मधोमध जे छिद्र असते, त्यात चर्मपत्राची कातरलेली जाळी, एकाखाली एक अशा उतरत्या थरांनी बसवीत. ही वाद्ये राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांसाठी होती. त्यांचे मोल मालाचे होते तितकेच कारागिराच्या हाताचे होते. समुद्रापलीकडून आलेला माल घरात आहे, हे पाहुण्याला दिसावे हाही त्यामागील हेतू असणार.

परंतु पुढची दोनशे वर्षे पाहिली, तर माझे मत याच्या उलट होते. गिटारवरील उत्तमातील उत्तम कल्पना विपुलतेतून आलेल्या नाहीत. हवा तो माल मिळेना, किंवा परवडेना, तेव्हा त्या सुचल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात चर्मपत्राची जाळी मागे पडली आणि छिद्र उघडे राहिले. त्याच्या काठाभोवती लाकडी जडावाचे सपाट वलय आले. स्पेनमधील अल्मेरियाचा आंतोनिओ द तोर्रेस (१८१७–१८९२) हा आजच्या गिटारचा घडविता मानला जातो. १८५८ साली सेव्हिल येथील प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. लाकूड कोणते यापेक्षा तबली कशी घडविली हे महत्त्वाचे, हे दाखविण्यासाठी त्याने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बनविली. अशा माणसाची नक्षीही मालाच्या किमतीवर उभी नाही. ती उभी आहे रंगविलेल्या लाकडी पापुद्र्यांवर.

ते वलय करण्याची युक्ती थोडी सविस्तर सांगतो, कारण सारे मर्म तिच्यात आहे. एकेक चौकोन चिमट्याने उचलून बसवावयाचा म्हटले तर जन्म पुरणार नाही. म्हणून कारागीर आधी चौकटीच्या कागदावर नमुना काढतो. नमुन्याच्या एका उभ्या ओळीत रंगांचा जो क्रम असेल, त्या क्रमाने काळे, पांढरे, तांबडे, हिरवे पापुद्रे एकावर एक सरसाने चिकटवितो. वाळल्यावर त्या गठ्ठ्याच्या लांबीच्या दिशेने पातळ पट्ट्या काढतो. प्रत्येक पट्टी म्हणजे नमुन्याची एक ओळ झाली. अशा सर्व ओळींच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटविल्या की एक काडी तयार होते, आणि तिच्या टोकाला पाहिले तर संपूर्ण नमुना दिसतो. मग ती काडी आडवी कापावयाची. आपल्या घरी अळूवडीचा उंडा कापताना प्रत्येक चकतीवर तेच वेटोळे उमटते ना, तोच प्रकार. वलयाचा मध्य दहा सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर भरतो; पाच मिलिमीटर रुंदीच्या चकत्या साठाहून अधिक लागतात. त्या वर्तुळात बसाव्यात म्हणून प्रत्येकीची आतली बाजू किंचित निमुळती करावी लागते. नंतर तबलीत खाच खोदून त्या बसवितात आणि खरवडून सपाट करतात. एकदा काडी साधली की बाकीचा खर्च वेळेचा आणि करवतीचा. माल म्हणाल तर पापुद्र्यांच्या कातरणीएवढा.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. सुरतेची आणि मुंबईची सदेली आपल्यापैकी पुष्कळांच्या जुन्या घरांतून असेल. शिराझच्या कारागिरीशी नाते सांगणारी ही कला गुजरातेत रुजली, आणि सदेलीच्या पेट्या इंग्रज साहेबांच्या घरी ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने गेल्या. हस्तिदंत, रंगविलेले हाड, आबनूस आणि कथील यांच्या बारीक त्रिकोणी काड्या एकत्र चिकटवावयाच्या आणि आडव्या कापून चांदण्यांच्या चकत्या काढावयाच्या, ही तिची रीत. अल्मेरियाच्या शेजारच्या ग्रनाडातही हाड व लाकूड यांच्या काड्यांचे असेच जडावकाम परंपरेने चालत आले आहे. शिराझ, ग्रनाडा, सुरत: तीन गावे, तीन भाषा, आणि कारागिराच्या हातांतील युक्ती एकच.

आता किनारीकडे वळू. कडेला लाकडाचे रेषे उघडे पडतात. तेथून ओल शिरते, आणि ठेच लागली की टवका उडतो. म्हणून कडेला पट्टी बसवितात. म्हणजे जिला आपण शोभा म्हणतो ती मुळात वाद्याची ढाल आहे. अमेरिकेतील मार्टिन हा १८३३ पासूनचा कारखाना आपल्या उंची गिटारींना हस्तिदंताची किनार लावीत असे. १९१८ च्या सुमारास ती बंद झाली आणि तिच्या जागी सेल्युलॉइड आले. या सेल्युलॉइडची कथाही टंचाईचीच आहे. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. पुरवठा अपुरा पडू लागला, तेव्हा अमेरिकेतील एका व्यवसायाने पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या मागे लागलेल्या जॉन हयाटने १८७० च्या सुमारास नायट्रेट केलेला कापसाचा तंतू आणि कापूर यांपासून हा पदार्थ सिद्ध केला. आपल्या देवघरातला तोच कापूर! त्यात हस्तिदंताच्या रेषांसारख्या रेषाही उमटविता येत, आणि कासवाच्या कवचाचे ठिपकेही. मात्र हा पदार्थ चटकन पेट घेतो, आणि म्हातारपणी आक्रसतो, चिरफळतो व आम्ल सोडून शेजारच्या धातूला गंज आणतो. हत्ती वाचला, वाद्ये मात्र आजारी पडली, असे कोणी म्हणेल. मला तो सौदा वाईट वाटत नाही.

दोन उदाहरणे अशी आहेत की त्यांत नक्षीच इतिहासाची साक्ष देते. मार्टिनच्या डी-२८ या गिटारच्या कडेला माशाच्या काट्यासारख्या नक्षीची लाकडी पट्टी असे. ती जर्मनीहून येई. दुसऱ्या महायुद्धात तो माल थांबला, शिल्लक साठा संपला, आणि १९४७ च्या सुमारास ती नक्षी नाहीशी झाली. पुढे नक्षी असलेली जुनी गिटार जाणकार शोधू लागले, आणि १९७६ साली कारखान्याला ती पुन्हा आणावी लागली. युद्धाची तारीख एका बोटभरही रुंद नसलेल्या पट्टीवर कोरली गेली! दुसरे उदाहरण १९६५ सालच्या डी-३५ चे. पाठीसाठी लागणारा ब्राझीलचा रुंद शिसव मिळेनासा झाला, तेव्हा पाठ दोन फळ्यांऐवजी तीन अरुंद फळ्यांची करण्यात आली आणि सांध्यांवर शोभेच्या पट्ट्या आल्या. अडचण झाकण्यासाठी आलेली पट्टी लोकांना इतकी आवडली की ती त्या गिटारची ओळख ठरली. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, मार्टिनने आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी ब्राझीलचा शिसव सोडून भारतीय शिसव घेतला. सह्याद्रीच्या जंगलातील आपला शिसव अशा रीतीने जगभरच्या गिटारींच्या पाठीवर पोहोचला.

यानंतरची टंचाई कायद्याची आहे. आफ्रिकी हत्तीचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबविण्याचा निर्णय १९८९ साली झाला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा, आणि १९९१ साली आयात हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. ब्राझीलच्या शिसवावर १९९२ मध्ये कडक निर्बंध आले. २०१७ च्या जानेवारीपासून सर्वच शिसवजातींच्या व्यापाराला परवाना लागू लागला, तेव्हा वादकांना आपले वाद्य परदेशी नेताना दाखल्यांची चिंता पडली. अखेर २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. वादकांची गैरसोय झाली हे मान्य केले पाहिजे. पण जे झाड वाढावयास आयुष्य लागते त्याच्यासाठी एखादा कागद भरावा लागला, तर कुरकुरण्यात अर्थ नाही. खरा फटका छोट्या कारागिरांना बसला. कारखान्याला कागदपत्रे सांभाळणारा माणूस ठेवता येतो. एकट्या घडवित्याला पटाशी खाली ठेवून तेच काम करावे लागते. सुरतेतील सदेली तर आता मोजक्याच हातांत उरली आहे.

माझ्या आजीकडून आमच्या घरी आलेली एक सदेलीची पेटी आहे. झाकणाच्या कोपऱ्यातील तीन चांदण्या केव्हाच निखळल्या होत्या. मागील वर्षी मी त्या जागा भरण्याचे मनावर घेतले. म्हशीचे हाड उकळून, घासून पांढरे केले. त्याच्या आणि शिसवाच्या काड्या चिकटविल्या. पहिली काडी कापताना फुटली, दुसरीचे कोन चुकले, तिसरीतून चार चकत्या निघाल्या. शिसवाचा तुकडा शाळेतील त्या पत्र्याच्या डब्यातला होता. शाळा सोडताना गुरुजींनी तो मला दिला होता. नव्या चांदण्या जुन्यांहून अंमळ पांढऱ्या दिसतात, आणि चौथी चकती मी पुन्हा त्याच डब्यात ठेवली आहे.