बालशोक आणि आत्मचिंतन

आई, वडील, भावंड, आजी-आजोबा किंवा अन्य निकटच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर मुलाला होणाऱ्या दुःखास बालशोक असे म्हणतात. या काळात मुलाला आधार देण्याचा एक मार्ग म्हणजे शांत, सजग आत्मचिंतन.

स्वरूप

मृत्यू कायमचा असतो ही जाण वयानुसार येते. मारिया नॉज यांनी बुडापेस्ट परिसरातील मुलांविषयीचा आपला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला झोपेसारखी किंवा प्रवासासारखी तात्पुरती अवस्था समजतात, असे त्यात दिसून आले. त्यामुळे ‘बाबा झोपले आहेत’ किंवा ‘गावाला गेले आहेत’ अशी समजूत घातल्यास मूल वाट पाहत राहते. क्वचित स्वतः झोपायलाही घाबरते. ‘मी हट्ट केला म्हणून आई गेली’ असा अपराधभावही लहान वयात आढळतो, आणि तो बहुधा बोलून दाखवला जात नाही. रडणारे मूल घटकाभरात खेळू लागते. त्याला दुःखच झाले नाही, असा निष्कर्ष वडीलधाऱ्यांनी काढू नये.

आत्मचिंतनाच्या पद्धती

प्रथम मुलाला मृत्यूची खरी माहिती सोप्या शब्दांत द्यावी लागते. त्यानंतर विश्वासातील मोठ्या व्यक्तीच्या सोबतीने काही मिनिटे शांत बसणे, श्वासाकडे लक्ष देणे, दुःख शरीरात कोठे जाणवते ते ओळखणे, चित्र काढणे, गेलेल्या व्यक्तीस पत्र लिहिणे किंवा तिच्या वस्तूंची आठवणपेटी करणे, असे उपक्रम घेतले जातात. लिहिलेले दाखवण्याची सक्ती नसावी. शाळेत तर वही तपासण्याचा मोह शिक्षकाने कटाक्षाने टाळावा. अपघात किंवा हिंसेने झालेला मृत्यू पाहिलेल्या मुलास डोळे मिटताच तेच दृश्य दिसू शकते. त्याने डोळे उघडे ठेवून, एखाद्या वस्तूकडे पाहत बसणे योग्य.

शांतता आणि गप्प बसवणे यांत मात्र भेद आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत दहाव्या-तेराव्याच्या दिवसांत मुलांना शेजारी पाठवले जाते आणि पुढे त्या व्यक्तीचा विषयच टाळला जातो. हेतू मायेचा असला तरी मूल एकटे पडते. मराठी वाचकांना परिचित असलेली साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही प्रौढपणी, १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली असली, तरी दिवंगत आईच्या आठवणी इतरांसमोर मोकळेपणाने मांडण्याचे ते ठळक उदाहरण होय.

मर्यादा

आत्मचिंतन हा उपचाराचा पर्याय नव्हे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या निकषांनुसार दीर्घकालीन शोकविकाराच्या निदानासाठी मृत्यूनंतर प्रौढांत किमान बारा, तर मुलांत किमान सहा महिने लोटलेले असावे लागतात. स्वतःला इजा करण्याची किंवा मरण्याची भाषा मुलाच्या तोंडी आल्यास मात्र इतके थांबू नये; तत्काळ तज्ज्ञांकडे जावे.